सोमकुवर लाईनमन आणि बाकीचे देश

पुंडलिक सोमकुवर माणसाला नाव विचारत नाहीत. टक्के विचारतात.

सौंसरला त्यांच्या फाटकाशी कोणी बॅटरीची गाडी घेऊन थांबलं, की ते चष्मा कपाळावर चढवत बाहेर येतात, हँडलपाशी वाकून आकडा पाहतात आणि म्हणतात, "या जी, चौदा टक्के! बसा." त्यानंतर तो माणूस डॉक्टर असो की दूधवाला, गाडी चार्ज होईपर्यंत चौदा टक्केच राहतो. "चौदा टक्के, पाणी घ्या." "चौदा टक्के, खुर्ची सावलीत घ्या ना." पुढच्या खेपेला तोच माणूस तीस टक्के शिल्लक ठेवून आला, तर त्याची बढती होते. एका कार्यालयातले साहेब एकदा चार टक्क्यांवर आले होते. गावात आजही त्यांना 'चार टक्केवाले साहेब' म्हणतात, आणि ज्याला या नावाचा उगम माहीत नाही त्याचा भलताच समज होतो.

मी एकदा विचारलंही होतं, "सोमकुवर, लोकांची नावं का नाही हो विचारत?"

"नावात चार्जिंग राहते का जी?" ते म्हणाले, आणि विषय संपला.

मी त्यांचा समोरचा शेजारी. शाळेत गणित शिकवतो. सोमकुवर वीजमंडळात लाईनमन होते. सगळी नोकरी खांबावर काढली. निवृत्त झाले तरी चालताना त्यांची मान वरच असते, तारांकडे. रस्त्यातल्या खड्ड्यात ते दोनदा पडले आहेत, पण कोणत्या खांबावरचा कोणता चिमटा सैल आहे ते न चुकता सांगतात. कुणाच्याही घरी गेले की आधी त्या घराचं अर्थिंग तपासतात, मग बसतात. "अर्थिंग पाहिजे, सर. घराले बी अन् माणसाले बी. नाहीतं झटका कुठी जाईन?"

त्यांच्या फाटकावर पाटी आहे : 'इथे चार्जिंग होईल. खुर्ची आहे. पाणी आहे.' त्याखाली कोणा वात्रटानं खडूनं लिहिलं, 'भाषणही आहे.' सोमकुवरांनी ते पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑइलपेंट आणून तीच अक्षरं पक्की गिरवली.

कारण भाषण असतंच. गाडी चार्ज व्हायला दोन-तीन तास लागतात आणि गिऱ्हाईक कुठे पळून जाऊ शकत नाही. अशा माणसाला सोमकुवर जग फिरवून आणतात. सुरुवात नॉर्वेपासून.

"नॉर्वेत का आहे, सर, नवीन गाडी घेतली की बहुतेक बॅटरीचीच. वरून बरफ पडून राहिला, हात गारठून राहिले, तरी लोक चार्जिंग लावून कॉफी पिऊन राहिले. अन् आपल्या इथं एवढं ऊन असून आपल्याले जमत नाही!"

"उन्हाचा काय संबंध?"

"संबंध नाही जी. पण लाज तं वाटली पाहिजे ना."

मग हॉलंड. "तिथं तुमच्या घरापाशी जागा नसली, तं नगरपालिकेले अर्ज करायचा. नगरपालिका तुमच्या गल्लीत येऊन खांब लावून देते." एवढं बोलून ते क्षणभर थांबतात आणि देवाचं नाव घ्यावं तसं पुन्हा म्हणतात, "नगरपालिका!" मग चीन. तिथे काही गाड्यांची बॅटरी मशीन खालून काढतं आणि दुसरी भरलेली लावतं, चहाला उकळी येईपर्यंत. मग नेपाळ, तिथे नदीच्या पाण्यावर झालेल्या विजेनं गाड्या डोंगर चढतात. इथिओपियाचं नाव तर मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते त्यांच्याच तोंडून. त्या देशानं पेट्रोलच्या गाड्या बाहेरून आणायलाच बंदी घातली, हे सांगताना ते असे ताठ बसतात, की सही त्यांचीच असावी.

हे सगळं ते मोबाइलवर पाहतात आणि एका शाळकरी वहीत टिपून ठेवतात. एका देशाला एक पान. नकाशा मात्र माझ्या शाळेतून नेलेला आहे. तो परत करायचं ते दर दिवाळीला कबूल करतात.

गेल्या लग्नसराईत तर मोठीच गंमत झाली. एक हौशी नवरदेव सजवलेल्या ई-रिक्षातून लग्नाला निघाला. घोडा नको, गाडी नको, प्रदूषण नको. रिक्षा बरोबर सोमकुवरांच्या फाटकाशी बसली. नऊ टक्के. बँडवाले वाजवून थकले, करवल्या आमच्या ओट्यावर बसून घाम पुसू लागल्या, आणि नवरदेव फेट्यासकट सोमकुवरांच्या खुर्चीत. मुलीकडच्यांचा फोन आला, वरात कुठे आली? सोमकुवरांनी फोन घेतला आणि शांतपणे सांगितलं, "काळजी करू नका जी. नवरदेव आता बावीस टक्क्यांवर आले आहेत. चाळीस झाले की सोडतो." तिकडे काय समजूत झाली कोण जाणे, मुलीचे मामा स्वतः मोटरसायकलवर नवरदेवाची तब्येत पाहायला आले. मुहूर्त टळला. लग्न झालं. त्या नवरदेवाला आजही हॉलंडच्या नगरपालिकेची सगळी माहिती तोंडपाठ आहे.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून सोमकुवरांना हक्काचं एक ठिकाण मिळालं. दर मंगळवारी तिथे जनसुनवाई असते, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा सरकारी दिवस. ते आपल्या पोपटी रंगाच्या बॅटरीच्या स्कूटरवर अर्ज घेऊन जातात. अर्ज एकच : सौंसर ते पांढुर्णा रस्त्यावर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीला एक सॉकेट लावावं, पंधरा अँपियरचं, अर्थिंगसह. दाखला मात्र दर वेळी वेगळ्या देशाचा. आता तिथला शिपाईच हिंदीत विचारतो, "दादा, आज कौन सा देश?"

"आज जपान."

"अच्छा, अच्छा. बैठिए."

बसस्टँडजवळ एका कंपनीनं चार्जिंगचं मोठं मशीन आणून उभं केलं होतं. नारळ फुटला, फोटो निघाले. मशीनला करंट मात्र आला नाही. प्लास्टिकचं वेष्टणही निघालं नाही. पहिल्या महिन्यात त्याला एक बकरी बांधलेली असायची, पुढे दोन झाल्या. सोमकुवर आठवड्यातून एकदा जाऊन मशीनला कान लावतात. मी पाहिलं आहे. डॉक्टर छातीला लावतो तसा. मग मान हलवून परत येतात.

आम्ही सगळे हसायचो. मीही. आणि हसता हसता एकमेकांना हळूच सांगायचो, की बायको गेल्यापासून बिचाऱ्याचं असं झालं.

शशिकलाबाई अंगणवाडीत होत्या. ठेंगण्या, सावळ्या, आणि हसायला लागल्या की पदर तोंडाशी धरून खालीच बसायच्या. स्कूटर घ्यायची कल्पना त्यांची. निवृत्त झाल्यावर सोमकुवर साधी मोटरसायकल घेणार होते. बाई म्हणाल्या, "जिंदगीभर दुसऱ्याच्या घरात करंट नेऊन दिला. आता थोडा आपल्या बुडाखाली घ्या." रंगही त्यांनीच निवडला. स्कूटर आली तेव्हा अर्धी गल्ली जमली होती. सोमकुवरांनी चावी फिरवली. काहीच आवाज नाही. माझी आई ओट्यावरून म्हणाली, "पहिल्याच दिवशी बंद पडली का गं?" तेवढ्यात ती पोपटी स्कूटर गुपचूप चालायला लागली आणि शशिकलाबाई मागच्या सीटवर बसल्या बसल्या इतक्या हसल्या, की सोमकुवरांना गाडी थांबवावी लागली.

त्याच उन्हाळ्यात बाई गेल्या. हार्टचं झालं, असं कळलं. मुलगी करुणा बैतूलला नर्स आहे. ती महिनाभर राहिली, वडिलांना चल म्हणाली. हे गेले नाहीत. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी फाटकावर पाटी लागली. मग वही आली, नकाशा गेला, मंगळवार सुरू झाले.

सरकारी सॉकेट येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच पांढुर्ण्याच्या रस्त्यावर घरं धरायला सुरुवात केली. चहाची टपरी, पंक्चरचं दुकान, संत्र्याच्या पेट्या भरायची शेड. "मोबाइल चार्ज करू देता ना जी? हा मोठा मोबाइल आहे," म्हणायचे. सामान त्यांचं, मेहनत त्यांची. वर पाटी : 'चार्जिंग. पाणी.' खुर्ची नसेल तर 'खुर्ची' लिहायचे नाहीत. खोटं लिहिलेलं त्यांना चालत नसे.

मागच्या मार्चमध्ये मला पांढुर्ण्याला शिक्षणाच्या कार्यालयात काम निघालं. बस चुकली. सोमकुवर निघालेच होते, नवं सॉकेट लावायला. म्हणाले, "बसा ना सर. अठ्ठ्याण्णव टक्के आहे." मी मागे बसलो. पायाशी अवजारांची पिशवी, कानाशी ऑस्ट्रेलिया.

दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा होत्या. ते प्रत्येक सॉकेटपाशी गाडी हळू करत, पाटी पाहत आणि पुढे जात. अर्धा रस्ता झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की बराच वेळ एकही पाटी दिसली नाही. एक गाव लागलं. रस्त्याला लागूनच मोठं पक्कं घर, पुढे रुंद ओटा, सावली.

"सोमकुवर, इथे नाही लावलं? एवढं चांगलं घर आहे."

 ऑस्ट्रेलिया मधेच थांबला. तीन-चार किलोमीटर पुढे जाऊन एका कडुनिंबाखाली त्यांनी गाडी उभी केली. मला वाटलं, पाणी प्यायचं असेल. त्यांनी बाटली काढली, माझ्या हातात दिली आणि खोडाशी उकिडवे बसले.

"शशीचं माहेर तिगाव," ते म्हणाले. "पांढुर्ण्यापाशी. तिच्या भावाकडं जेवाले गेलतो आम्ही. रात्रभर लाईन नव्हती तिथं, गाडी पुरी चार्ज नाही झाली. मी म्हटलं, जाईन. हिशोब केला मनात. चुकला. नवीनच होती ना गाडी. कंपनी सांगते तेवढी जात नाही, हे मले तवा नव्हतं माहीत. त्या घराच्या अलीकडंच बसली."

मी बाटली हातात धरून उभा होतो.

"दुपारचा एक वाजला होता. एप्रिल. मी म्हटलं, तासभर चार्जिंग मागू, तेवढ्यात घरी पोचतो. ओट्यावर म्हातारा खाटेवर बसून होता. 'लावा ना, लावा,' म्हणे. चांगल्यानं बोलला. मी वायर काढली. त्यानं विचारलं, कुठचे? मी म्हटलं, सौंसरचे. नाव? पुंडलिक. पुंडलिक कोण? मी सांगितलं."

सोमकुवरांनी एक काडी उचलली आणि जमिनीवर रेघ ओढली.

"मंग म्हणे, लाईट नाही."

"गेली होती?"

"वर पंखा फिरून राहिला होता, सर."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. धुरळा खाली बसला. मग सोमकुवर चक्क हसले.

"लाईनमनले सांगते, लाईट नाही म्हणून! त्या घराची लाईन मीच जोडली होती. मागं एका वादळात त्या गावचे खांब झोपले होते. दोन दिवस होतो मी तिथं. तवा याच म्हाताऱ्यानं खालून पाणी पाठवलं होतं. आडनाव नव्हतं विचारलं. खांबावर चढलेल्या माणसाले कोणी विचारत नाही."

"आणि वहिनी?"

"खाली उभी होती ना, ओट्यापाशी. ऐकलं तिनं सगळं.  म्हणे, चला, मागच्या गावी पायी जाऊ, मले कुठी घाई आहे. मी गाडी ढकलून राहिलो, ती बाजूनं चालून राहिली. डोक्यावर पदर. माह्या मनातलं जावं म्हणून काहीबाही बोलत होती. मंग म्हणे, 'का हो, बाकीच्या देशात काय करत असतीन लोक? अशी मधातच चार्जिंग संपली तं?'"

काडी मोडली. त्यांनी दुसरी घेतली नाही.

"मले राग होता त्या म्हाताऱ्याचा. तो काढला तिच्यावर. मी म्हटलं, मले काय माहीत? मी काय गेलतो का? गुपचूप चाल."

"मग?"

"मंग ती गुपचूप चालली. इथंपर्यंत. इथं बसली, तुम्ही उभे आहे ना, तिथं. पाणी पेली. एक टेम्पोवाला आला, त्यात गाडी टाकली, घरी गेलो. घरी चांगली होती. स्वयंपाक केला. नवव्या दिवशी गेली."

मी खाली पाहिलं आणि नकळत बाजूला सरकलो.

"डॉक्टर म्हणे, चालण्याचा संबंध नाही. करुणा बी तेच म्हणते, ती नर्स आहे, तिले समजते. नसंन संबंध. मी मानतो. पण सर, त्या नऊ दिवसांत तिनं पुन्हा विचारलं नाही. अन् मी सांगितलं नाही. सांगणार काय? मले तवा नॉर्वे कुठी आहे हे बी माहीत नव्हतं."

 मला सुचलं ते चुकीचं सुचलं. मी म्हणालो, "त्या घरी मी विचारून पाहू का? त्या म्हाताऱ्याचा नातू माझ्याकडे शिकलेला आहे. मला नाही म्हणणार नाहीत."

"तुम्हाले देतीन ना," सोमकुवर म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. "तेच तं आहे, सर."

उरलेल्या रस्त्यात मला माझ्या आईची आठवण येत राहिली. बुद्धपौर्णिमेला शशिकलाबाई आमच्याकडे खीर आणायच्या, झाकलेल्या डब्यात, वर चारोळी पेरलेली. आई हसून घ्यायची, चौकशी करायची, डबा रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर घालून परत करायची. आणि त्या फाटकाबाहेर पडल्या की खीर गाईपुढे ठेवायची. दरवर्षी. मी दारात उभा राहून पाहायचो. मी शिकलेला माणूस, शाळेत प्रार्थनेनंतर समतेवर बोलणारा. मी आईला कधी काही म्हणालो नाही. गाय सोमकुवरांच्या खिडकीतून दिसते, हेही मला माहीत होतं.

पांढुर्ण्याला माझं काम झालं. त्यांचंही झालं. शहराबाहेर एका बाईंचं चहाचं दुकान होतं, तिथल्या भिंतीला त्यांनी सॉकेट लावलं, अर्थिंगची तार जमिनीत पुरली, बाईंना बटण कसं दाबायचं ते तीनदा दाखवलं. बाई म्हणाल्या, "समजलं ना भाऊ, मी काय लहान आहो?" तरी चौथ्यांदा दाखवलं. आम्ही परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं.

त्या घरापाशी नेमकी रस्त्यावर गुरं आडवी आली. गाडी थांबवावी लागली. ओट्यावर म्हातारा बसला होता. त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि मला ओळखलं.

"अहो सर! या ना, या! नातवाचे सर ना तुम्ही? चहा घेऊन जा."

"नाही, नको. उशीर होतोय," मी म्हणालो.

"काहून जी," सोमकुवर हळूच म्हणाले. "प्या ना चहा. मी थांबतो गाडीपाशी."

ते अगदी साधेपणानं म्हणाले होते. मी खाली उतरलो नाही. पण म्हाताराच काठी टेकत फाटकाशी आला. वय फार झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू, चेहऱ्यावर खरंखुरं अगत्य. त्याला काहीच आठवत नव्हतं. त्यानं सोमकुवरांकडे पाहून हसून विचारलं, "हे कोण, सर? सोबतचे?"

मी म्हणालो, "हे आमचे पुंडलिकभाऊ. शेजारी आहेत."

तेवढंच म्हणालो. पुढचा शब्द माझ्या तोंडातच राहिला.

गुरं हळूहळू सरकत होती. म्हातारा मान डोलवत होता, "या ना मंग दोघंही, चहा टाकाले सांगतो."

"सोमकुवर," पुंडलिकभाऊ म्हणाले. मोठ्यानं नाही, पण स्पष्ट. "पुंडलिक सोमकुवर. लाईनमन होतो. हे तुमची लाईन मीच जोडली होती जी, वादळ झालं होतं तवा."

"अच्छा, अच्छा," म्हातारा म्हणाला. त्यानं वर खांबाकडे पाहिलं. मग काठीकडे पाहिलं. "अच्छा. बरं मंग सर, या कधी." आणि तो वळून ओट्याकडे चालू लागला.

गुरं गेली. रस्ता मोकळा झाला. गाडी निघाली, तीही आवाज न करता. कडुनिंब आता मागे राहिला होता. दोन किलोमीटर झाले, चार झाले. मला वाटत होतं, त्यांनी काहीतरी बोलावं, निदान म्हाताऱ्याला शिवी द्यावी.

मग ते म्हणाले, "सर, तुम्ही आडनाव काहून नाही सांगितलं?"

मी मागे बसलो होतो, म्हणून त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. मला त्यांची पाठ दिसत होती. कॉलरपाशी विरलेला खाकी शर्ट, वीजमंडळाचा, अजून वापरात. त्यांच्यासाठी नाही सांगितलं, असं म्हणता आलं असतं. ते पूर्ण खोटंही नव्हतं. पण त्या क्षणी मला माझ्यापुरतीच भीती वाटली होती, की माझ्याही चहाचं आमंत्रण मागे घेतलं जाईल. जो चहा मला नकोच होता.

 त्यांनी थोडी वाट पाहिली. आरशात त्यांनी माझ्याकडे पाहिलं असावं, कारण गाडी जरा हळू झाली आणि मग पुन्हा वेगात आली.

"केनियाचं तुम्हाले सांगतलं का मी?" ते म्हणाले. आवाज नेहमीचा, फाटकावरचा. "आफ्रिकेत आहे. तिथं मोटरसायकलवर सवारी नेतात लोक, आपल्या ऑटोसारखी. आता त्यातल्या बऱ्याच बॅटरीच्या झाल्या. अन् ते चार्जिंग करत बसतच नाही. जागोजागी दुकानं आहेत. रिकामी बॅटरी ठेवायची, भरलेली उचलायची, चालले. कोणी कोणाले काही विचारत नाही."

"हं," मी म्हणालो.

"दोन मिनिटांचं काम," ते म्हणाले. "बाई सोबत असली तं तिले खाली उतरा बी लागत नाही."